मुलींचं तेच धरा

"स्टेशनचं पहिलं. लिही," नाना तगारे म्हणाले. अजून कुणी तोंडही उघडलं नव्हतं, तरी त्यांनी दोन्ही हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"पण नाना, गेल्या वर्षी ते पहिल्याच फेरीत हरले," डॉक्टर शिरगुप्पे म्हणाले.

"हरले. पण कसे हरले ते बघ की."

"तुम्ही बघितला होता सामना?"

"बघायला कशाला पाहिजे? परंपरा हरण्यातसुद्धा कळते. लिही तू सुधाकर, स्टेशनचं पहिलं."

सुधाकर म्हणजे आमचे हे. ह्यांनी निमूट लिहिलं.

श्रावणातला रविवार होता. पुढच्या व्हरांड्यात वेताच्या चार खुर्च्या, मधे तिपाई, तिपाईवर चहाचे रिकामे कप. मी आत स्वयंपाकघरात पोहे परतत होते आणि हे सगळं कानावर पडत होतं. नको म्हटलं तरी पडतं. आमच्या व्हरांड्यातून आवाज थेट ओट्यावर येतो.

चातुर्मासात कुणाची निंदा करायची नाही, असा माझा एक नेम आहे. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी धरला, अजून मोडलेला नाही. तो पाळायला सर्वांत कठीण दिवस म्हणजे हा श्रावणातला रविवार. यंदाचा कार्तिक उलटून गेला आहे, म्हणून आता लिहिते.

आमच्या गावात कॉलेजं बरीच. खरी नावं मोठमोठ्या देणगीदारांची, पण तोंडात बसलेली नावं म्हणजे स्टेशनचं, टेकडीचं, कारखान्याचं, गावातलं. गणपती झाले की कॉलेजांचे बास्केटबॉलचे सामने सुरू होतात आणि त्याआधी, कोण कितवं येणार याची क्रमवारी आमच्या व्हरांड्यात ठरते. ठरवणारे चार. नाना तगारे स्टेशनवरच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, जिल्हा संघटनेचे सचिव. डॉक्टर शिरगुप्पे दातांचे. अण्णा पोळ यांचं खतांचं दुकान. चौथे आमचे हे. चौघंही एके काळी स्टेशनच्या कॉलेजकडून खेळलेले. तो काळ कुठला, तर बास्केटला जाळी मिळत नव्हती तेव्हाचा. त्यानंतर चौघांपैकी कुणी मैदानाची पायरी चढलेलं मला तोवर माहीत नव्हतं. नानांचे गुडघे, डॉक्टरांचे पेशंट, अण्णांचं दुकान आणि ह्यांची दुपारची झोप.

पण क्रमवारी यांची. ती मंगळवारच्या सायंदैनिकात "जाणकारांची क्रमवारी" म्हणून छापून यायची, आणि तीच नाना संघटनेत नेऊन ठेवायचे. पहिल्या चारांचे सामने गावातच, क्लबच्या सिमेंटच्या कोर्टवर. बाकीच्यांनी आधी जिल्ह्याला जाऊन पात्रता फेरी खेळायची, एक रात्र तिकडे काढायची, आणि मग जमलं तर यायचं.

"टेकडीवाल्यांनी साडेसहा फुटी पोरगा आणलाय म्हणे," अण्णा म्हणाले.

"कोण, तो मोहित्यांचा?" डॉक्टर हसले. "तो माझ्याकडे दाढ काढायला आला होता. खुर्चीत मावला की."

"बसल्यावर सगळेच मावतात."

"मी दारातून येतानाही बघितला ना. वाकला नाही कुठं."

"तुझं दारच उंच असेल," नाना म्हणाले. "टेकडीचं दुसरं. लिही."

माझ्याशेजारी ओट्याला टेकून गिरिजा उभी होती. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, शिकायला आमच्याकडे राहिलेली. कन्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती आणि तिथल्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन होती. सकाळचा सराव करून आली होती. केस अजून घामानं कपाळाला चिकटलेले. हातात कोथिंबीर घेऊन निवडत होती, म्हणजे एकाच काडीची पानं केव्हाची खुडत होती.

तिला काय हवं होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या कॉलेजचं नाव पहिल्या चारात यायला हवं होतं, एवढंच. त्यांच्या प्राचार्यबाई मुलींना रात्री मुक्कामाला गावाबाहेर पाठवत नसत. मग पात्रता फेरी कुठली आणि सामने कुठले. सलग दोन वर्षं या मुली पहाटे उठून सराव करत होत्या आणि सलग दोन वर्षं एकही सामना न खेळता परीक्षेला बसत होत्या. हे शेवटचं वर्ष. आठवडाभर आधी ती ह्यांच्या मागे लागली होती.

"काका, तेवढं नानाकाकांच्या कानावर घाला ना. एकदा सरावाला या म्हणावं. बघा आणि मग ठरवा."

"बघू," हे म्हणाले होते.

आमच्या ह्यांच्या "बघू"त काय काय बुडालं आहे त्याची मोजदाद देवाकडे असेल.

बाहेर तिसरं कारखान्याचं झालं, चौथं गावातलं. त्यावर बरीच हमरीतुमरी झाली. अण्णांचं म्हणणं गावातलं तिसरं हवं, कारण त्यांचे शर्ट नवीन शिवलेत आणि ते अण्णांच्याच मेहुण्याच्या दुकानात शिवलेत. डॉक्टरांनी एका खेळाडूची फार तारीफ केली. मग निघालं की तो मुलगा मागच्या दिवाळीतच दुबईला गेला. "गेला असेल, पण तयार तर इथंच झाला ना," असं म्हणून नानांनी तोही हिशेबात धरला. दोन तास हे असं. आणि आवाज असा, की कुणाला वाटावं लढाईचे नकाशे पसरलेत.

"आणि मुलींचं?" ह्यांनी विचारलं. मनात म्हटलं, आता तरी काढतील विषय.

"मुलींचं तेच धरा," नाना म्हणाले. "पोहे झाले का बघा रे."

मुलींचं तेच धरा. दरवर्षी हेच वाक्य, याच सुरात. मुलांची जी क्रमवारी तीच मुलींची. कॉलेज तेच, मग मुलीही तितक्याच चांगल्या, असा त्यामागचा अभ्यास. घड्याळ लावायला लागतो तेवढासुद्धा वेळ त्याला लागला नाही.

गिरिजानं कोथिंबीर ओट्यावर ठेवली, ओढणीला हात पुसले आणि बाहेर गेली. मी दाराच्या पडद्यापाशी उभी राहिले.

"नानाकाका, आमचं कॉलेज राहिलं," ती म्हणाली.

"कुठलं गं तुमचं?"

"कन्या महाविद्यालय."

"हां हां. पण बाळ, तुमच्या कॉलेजला मुलांचा संघच नाही. मग क्रमवारीत बसवणार कसं?"

"ते मुलींचं कॉलेज आहे, काका."

"तेच म्हणतोय मी."

अण्णा फिसकन हसले. डॉक्टरही हसले. ह्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसायला घेतला. ही त्यांची जागा सोडायची पद्धत. बसल्या बसल्या निघून जातात.

"एकदा आमचा खेळ तरी बघा ना," गिरिजा म्हणाली.

"बघू की. पुढच्या वर्षी बघू. ही आता ठरलेली गोष्ट झाली बाळ, खाडाखोड केली की पेपरवाल्यांना शंका येते. जा, पोहे आण. आणि मावशीला म्हणावं, कांदा नसला तरी चालेल, पण शेंगदाणे भरपूर घाल. वहिनींच्या चातुर्मासात कांद्याला हद्दपारी, आमचे हाल."

गिरिजा आत आली. रडली वगैरे नाही. मोरीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकून पाठमोरी उभी राहिली आणि नळ सोडला. हात धुतले नाहीत. नुसताच नळ वाहत होता.

मी गॅस बंद केला. देवासमोरचा अक्षतांचा डबा घेतला.

इथं माझा दुसरा नेम सांगायला हवा. श्रावणात मी रोज त्या त्या वाराची कहाणी सांगते. नुसती वाचून चालत नाही, ऐकणारा लागतो. सांगणारीच्या हातात अक्षता, ऐकणाऱ्याच्या हातात अक्षता. ऐकणाऱ्यानं काही खाल्लेलं नसावं. आणि अक्षता हातात आहेत तोवर मधे बोलायचं नाही, उठायचं नाही. सांगून झालं की त्या देवापुढे वाहायच्या, मग नैवेद्य, मग पानं. माझी रोजची ऐकणारी शेजारच्या सोनूताई. त्या दिवशी त्या लेकीकडे गेल्या होत्या. गिरिजा सरावाला दूध-केळं खाऊन जाते, म्हणून ती चालत नव्हती. सकाळपासून मला ऐकणारा मिळालेला नव्हता.

मी व्हरांड्यात गेले.

"पोहे तयार आहेत," मी म्हणाले. "पण नैवेद्य दाखवायचाय, आणि त्याआधी माझी कहाणी व्हायचीय. सोनूताई नाहीत आज. तुम्ही चौघं नुसत्या चहावर आहात. ऐकता का?"

"आम्ही?" अण्णा म्हणाले.

"आपल्या घरच्या मंडळींसारखेच तुम्ही. फार वेळ लागत नाही."

आतून फोडणीचा आणि खोबऱ्याचा वास येत होता. नानांनी अंगठ्यांकडे पाहिलं. त्यांच्या उजव्या हातात तीन अंगठ्या, एक शनीची, एक गुरूची, तिसरी कुणाची ते मला आठवत नाही. मांजर आडवं गेलं म्हणून नानांनी एकदा संघटनेची अख्खी सभा पाव तास उशिरा सुरू करवली होती. अक्षतेला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती.

"द्या वहिनी," त्यांनी हात पुढे केला. "पुण्याचं काम आहे. गप्प बसा रे सगळे. मधे बोलायचं नसतं."

चार ओंजळींत मी अक्षता ठेवल्या. माझ्या हातात घेतल्या. गिरिजाला हाक मारली, ती दाराला टेकून उभी राहिली. आणि मी रविवारची कहाणी सांगितली. जशी आहे तशी, एक शब्द इकडचा तिकडे न करता. देवाच्या गोष्टीत पदरचं घालू नये.

ठाऊक असेल तुम्हाला ती कहाणी. गरीब बापाच्या दोन लेकी. एक राजाच्या घरी दिलेली, एक प्रधानाच्या. बाप थोरलीकडे जातो आणि म्हणतो, बाई, माझी कहाणी ऐक. ती म्हणते, मला ऐकायला वेळ नाही. धाकटी ऐकते. मग थोरलीचं काय होतं आणि धाकटीचं काय होतं, ते सगळं येतं. मी सावकाश सांगते. त्या दिवशीही सावकाशच सांगितली. "मला वेळ नाही" या शब्दांशी किंचित थांबले असेन, पण तिथं मी नेहमीच थांबते.

चौघं हात पसरून बसलेले. दोन तास ज्यांना एकमेकांचं वाक्य पुरं होऊ देणं जमलं नव्हतं, ते पहिल्यांदाच गप्प होते. अण्णांच्या नाकावर माशी बसली, तरी त्यांनी नुसतं नाक हलवलं.

कहाणी संपली. नाना उठायला लागले.

"थांबा," मी म्हणाले. "अक्षता अजून हातातच असू द्या. वाहायच्या आधी अजून एक ऐकायचीय. ती गिरिजा सांगणार आहे."

नानांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी कोपरानं त्यांना ढोसलं आणि डोळ्यांनी अक्षता दाखवल्या. तोंड मिटलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी देव्हाऱ्याकडे पाहिलं.

गिरिजा दोन पावलं पुढे आली. तिला मी काही पढवलेलं नव्हतं. क्षणभर वाटलं, आता रडेल की काय. पण नाही.

"मला गोष्ट नाही येत," ती म्हणाली. "मी विचारते. नानाकाका, स्टेशनच्या कॉलेजचा मुलींचा संघ तुम्ही पहिला लावलात. त्यांची कॅप्टन कोण?"

नाना डॉक्टरांकडे बघायला लागले.

"टेकडीच्या मुली दुसऱ्या. त्यांचा सराव कुठं चालतो, अण्णाकाका?"

अण्णांनी आपल्या ओंजळीत पाहिलं.

"डॉक्टरकाका, कारखान्याच्या मुलींचे शर्ट कुठल्या रंगाचे?"

डॉक्टर माझ्याकडे बघून जरासं हसले, सुटका मागावी तसे. अक्षता माझ्याही हातात होत्या.

"काका," ती आमच्या ह्यांच्याकडे वळली. "मी कुठल्या जागेवर खेळते?"

ह्यांच्या ओंजळीतून दोन दाणे खाली सांडले. ह्यांनी ते उचलले नाहीत. उचलायला हात मोकळा नव्हता.

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"झाली," गिरिजा म्हणाली आणि आत गेली.

मी चौघांच्या अक्षता ताम्हनात घेतल्या, देवाला वाहिल्या, नैवेद्य दाखवला आणि पोहे आणले. भरपूर शेंगदाणे घालून.

"काय आहे वहिनी," बशी हातात येताच नानांना कंठ फुटला, "पोरगी विचारत होती, पण आपल्याला बोलायची सोय नव्हती. धर्माचं बंधन. नाहीतर सगळं सांगितलं असतं तिला."

"आता सांगा ना, नाना," मी हळूच म्हणाले. "आता हात मोकळे आहेत. बोलावू तिला?"

नानांनी पोह्यांचा मोठा घास घेतला. तो त्यांना बराच वेळ पुरला.

कुणीतरी बोलायलाच हवं होतं. ह्यांनी कागद ओढला. इतक्या वर्षांत ह्यांनी स्वतःच्या मनानं काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं. मुलींच्या यादीतलं चौथं नाव खोडलं आणि म्हणाले, "चौथं कन्या लिहितोय."

"चौथं?" अण्णा म्हणाले. "गावातल्यांचं काय मग?"

"त्यांच्या मुलींतली एक तरी तुला ठाऊक आहे का?"

अण्णांनी शेंगदाणा चावला.

"लिही, लिही," नाना म्हणाले. "मी तेच म्हणणार होतो. पण दया म्हणून नाही हं. अभ्यास करून."

मंगळवारी पेपरात आलं. चौथं, कन्या महाविद्यालय. गिरिजानं ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली आणि पेपर घडी करून माझ्या पोथीखाली ठेवला.

गणपती झाले, सामने लागले. मुलींत पात्रता फेरीतून कुणी आलंच नव्हतं, म्हणून थेट उपांत्य फेरी. त्यात पहिल्याची गाठ चौथ्याशी, म्हणजे स्टेशनची गाठ गिरिजाच्या संघाशी. मी आयुष्यात पहिल्यांदा सामना बघायला गेले. चारी जाणकार पुढच्या खुर्च्यांवर होते, गळ्यात संघटनेच्या फिती. गिरिजा आणि तिच्या मैत्रिणी कोर्टवर उभ्या. समोरची बाजू रिकामी.

"येतील, येतील," नाना म्हणाले. "उशीर होतो कधीकधी."

स्टेशनचं कॉलेज क्लबच्या समोर आहे. मधे फक्त रस्ता.

बराच वेळ वाट पाहिल्यावर पंचांनी शिपायाला पाठवलं. तो जाऊन आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, त्यांच्यात मुलींचा संघच नाही म्हणतात. दोन वर्षं झाली, बंद केलाय."

दोन वर्षं. आणि दोन वर्षं तो आमच्या व्हरांड्यात पहिला येत होता. संघटनेनंही कधी विचारलं नव्हतं, कारण नानांचा कागद आला की विचारायचं काही उरत नसे. मागच्या खेपांना समोर कोण होतं आणि त्यांना न खेळता पुढे चाल कशी मिळाली, हेसुद्धा कुणी लक्षात ठेवलं नव्हतं. मुलींचे सामने बघायला थांबतं कोण.

पंचांनी शिट्टी वाजवली आणि सामना कन्या महाविद्यालयाला दिला. मुली नाचल्या नाहीत. गिरिजा चेंडू काखेत धरून माझ्यापाशी आली.

"मावशी, मला खेळून जिंकायचं होतं."

"उद्या खेळ," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंतिम सामना कारखान्याच्या मुलींशी झाला. त्यांचे शर्ट पिवळे होते. मला त्या खेळातलं काही कळत नाही, पण गिरिजा मैदानभर चेंडू घेऊन फिरत होती आणि बाकीच्या चौघी तिच्या डोळ्यांकडे बघून धावत होत्या, एवढं कळलं. शेवटपर्यंत कोण पुढे ते सांगता येत नव्हतं. अखेर एका बास्केटनं हरल्या. घामानं भिजलेली, गुडघा सोललेली गिरिजा माझ्याकडे आली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळलेला होता, की जिंकलेल्या मुलींचं मला वाईट वाटलं.

मागून नानांचा आवाज आला. "बघितलंस सुधाकर? म्हणूनच मी त्यांना पहिलं लावलं नव्हतं."

हे उठून कोर्टच्या कडेला गेले आणि गिरिजाला म्हणाले, "मधे खेळतेस तू. चेंडू पुढे नेणारी." ती हसली. त्यांना एवढंच येत होतं, पण ते त्यांनी शिकून घेतलं होतं.

पुढच्या श्रावणात खुर्च्या पुन्हा मांडल्या गेल्या. मधल्या वर्षात गिरिजाची परीक्षा झाली, नोकरी लागली आणि ती नाशिकला गेली. तिच्या संघातल्या दोघींची लग्नं झाली, बाकीच्या पांगल्या. कन्या महाविद्यालयाला नवा संघ उभा करायला कुणी मिळालं नाही. त्यांच्या कोर्टवर आता मुली स्कूट्या लावतात. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे, जे कुठं जातात येतात त्यांना.

मी अक्षतांचा डबा घेऊन दारात आले तर अण्णा घाईघाईनं म्हणाले, "वहिनी, आज आम्ही डोसे खाऊन आलोय बरं का. उपाशी नाही."

"पोट गच्च आहे," डॉक्टर म्हणाले.

"बरं," मी म्हणाले.

"मुलींचं काय करायचं?" ह्यांनी विचारलं.

"मुलींचं यंदा वेगळं," नाना म्हणाले. "अभ्यास केलाय मी. कन्या महाविद्यालय पहिलं. लिही. तो संघ पहिल्यांदा आपणच ओळखला."

ह्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. चातुर्मास होता. ह्यांनी पेनला टोपण लावलं. "तू लिही, नाना," म्हणाले आणि चष्मा न पुसता उठून फुलांना पाणी घालायला गेले.

तेवढ्यात आत फोन वाजला. त्या श्रावणात दर रविवारी याच वेळेला वाजायचा. कहाणी ऐकता यावी म्हणून गिरिजानं नाशिकला गेल्यापासून रविवारचं दूध-केळं सोडलं होतं.

"मावशी, अक्षता घेतल्यात हातात. सांग."

"घेतल्यास? बरं."

"थांब, आधी हे सांग. नानाकाका आलेत ना? कितवं लावलं आमचं कॉलेज?"

"पहिलं," मी म्हणाले.

पलीकडे ती हसायला लागली. हसता हसता "मावशी, सांडल्या, सगळ्या सांडल्या," म्हणाली आणि परत हसली. बाहेर नाना दुसऱ्या नंबरावरून अण्णांशी भांडत होते. तिनं पुन्हा मूठ भरेपर्यंत मी कान फोनला लावून, अक्षता धरून, उभी राहिले.